मागच्या खोलीतली बारा मशिनं

वाचनालयात त्यांना सगळे शिवणमावशी म्हणतात. कपडे शिवत नाहीत त्या, पुस्तकं शिवतात. पानं सुटलेली, पाठ मोडलेली, पाण्यानं फुगलेली पुस्तकं तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत त्यांच्याकडे जातात आणि महिन्याभरात धडधाकट होऊन कपाटात परततात. मी त्या वाचनालयाचा नोकर नाही. तिथले कॉम्प्युटर बिघडले की मला बोलावतात. लोक मला इंजिनिअर म्हणतात आणि मीही कधी ते नाकारलेलं नाही. ही हकिकत सांगताना माझी थोडी फजिती होणार आहे, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत ती पाहिलेला दुसरा कोणी नाही, त्यामुळे मीच सांगितलेली बरी.

मावशींचं शिक्षण दहावीपर्यंत. त्यांची आई छापखान्याचे फर्मे घरी आणून घड्या घालायची. फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद, त्याला घड्या घातल्या की सोळा पानं होतात. मावशी नऊ वर्षांच्या असताना आईच्या शेजारी बसून घड्या घालत, आणि घालता घालता वाचत. एकोणिसाव्या वर्षी त्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात लागल्या. तो बंद पडल्यावर वाचनालयात आल्या, त्याला आता तीस वर्षं होतील. वाचायची सवय तशीच राहिली. "शिवताना हात गुंतलेले असतात, डोळे नाही," असं त्या म्हणतात.

त्यामुळे मावशींचं ज्ञान विचित्र आहे. मूत्रपिंडाच्या आजारांबद्दल त्या डॉक्टरसारखं बोलतात, पण यकृताचा विषय निघाला की म्हणतात, "ते पुस्तक माझ्याकडे आलं नाही." जवळच्या तांत्रिक महाविद्यालयाची जाडजूड मासिकं आणि मॅन्युअल वीस वर्षं त्यांच्याकडे बांधायला येत होती. तीही त्यांनी वाचली. इंग्रजी त्यांना तुटकं येतं, आणि ज्या शब्दकोशावरून त्या ते शिकल्या, तो त्यांनीच तीनदा नव्यानं बांधला आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या लेखी त्या म्हणजे सरसाच्या वासाच्या खोलीत बसणाऱ्या, हात न धुता कोणी पुस्तक उचललं किंवा पानाचा कोपरा दुमडलेला दिसला की कोणालाही झाडणाऱ्या एक तिखट बाई.

तीन वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या प्रवास कंपनीनं वाचनालयाला बारा कॉम्प्युटर भेट दिले. तिकीट काउंटरवर असतात तसले, पडद्याच्या पाठीतच सगळं यंत्र बसवलेले. दिसायला देखणे. वाचनालयाला त्यांची गरजही होती, कारण वाचकांसाठी चारच कॉम्प्युटर होते आणि परीक्षा जवळ आली की विद्यार्थी जिन्यापर्यंत रांग लावत. ग्रंथपालबाई खूश झाल्या. मी पहिलं मशीन सुरू केलं आणि माझा चेहरा पडला. आत जी सिस्टीम होती ती इतकी जुनी की वाचनालयाची स्वतःची पुस्तकयादीसुद्धा तिच्यावर उघडेना.

मी म्हटलं, हरकत नाही. जुनी सिस्टीम काढू, लिनक्स घालू. ती फुकट मिळते आणि जुन्या मशिनांवर बरी चालते. पेनड्राइव्ह तयार केला, लावला, मशीन सुरू केलं. कंपनीचं चिन्ह दिसलं आणि मशीन पुन्हा आपल्या जुन्या सिस्टीमवर गेलं. पेनड्राइव्ह लावलाय याची त्यानं दखलच घेतली नाही. दुसऱ्या मशिनावर तेच. तिसऱ्यावर तेच. मशीन बनवणाऱ्यांना फोन केला. पलीकडच्या माणसानं एकाच वाक्यात विषय संपवला: या मॉडेलवर दुसरी कुठलीही सिस्टीम चालत नाही.

मी ग्रंथपालबाईंना तेच सांगितलं. भंगारात घालायला मंजुरी लागते आणि मंजुरीला वेळ लागतो, म्हणून बाराच्या बारा मशिनं मागच्या खोलीत मावशींच्या लांब टेबलावर ठेवली गेली. मावशी सुट्टीवर होत्या. सोमवारी त्या आल्या आणि दहा मिनिटांत मला फोन आला.

"इंजिनिअरसाहेब, माझं टेबल मला परत कधी मिळणार?"

"मंजुरी आली की लगेच उचलतो, मावशी. ती मशिनं चालत नाहीत."

"का चालत नाहीत?"

"त्यांच्यावर दुसरी सिस्टीम चढत नाही."

"का चढत नाही?"

"कंपनीच म्हणते, चढत नाही."

"ते मी ऐकलं. का, ते विचारतेय."

मी म्हटलं, "मावशी, काही गोष्टी नाहीच होत."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. या 'बरं'चा अर्थ मला पुढे समजला.

दोन आठवड्यांनी मी वाचनालयात प्रिंटर बघायला गेलो होतो. मावशींनी निरोप पाठवून मला मागे बोलावलं. खोलीत एका बाजूला पुस्तकं दाबाखाली होती, दुसऱ्या बाजूला एक मशीन चालू होतं, आणि मावशी चष्मा कपाळावर सरकवून एका वहीवर वाकल्या होत्या. सरस वाळायला तासभर लागतो. तेवढा वेळ त्या एरवी बसून असत. आता तो तास त्यांनी मशिनाला दिला होता. सुरू होताना एक बटण दाबलं की मशिनाच्या सेटिंगची पानं उघडतात, हे त्यांना कुठल्याशा मॅन्युअलमधून ठाऊक होतं. ती सगळी पानं, ओळ न ओळ, त्यांनी वहीत उतरवली होती. न कळलेल्या शब्दाखाली पेन्सिलची रेघ, समोर शब्दकोशातला अर्थ. अकरा पानं भरली होती.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "इथं लिहिलंय, याचा प्रोसेसर चौसष्टचा आहे."

"हो. चौसष्ट बिटचा. हल्ली सगळे तसेच असतात."

"आणि हे? पहिल्याच पानावर, सगळ्यात खाली." त्यांनी बोट ठेवलं. सुरुवातीच्या प्रोग्रॅमचं नाव, आवृत्ती, तारीख, आणि शेवटी बारीक अक्षरात बत्तीस. "एकाच पुस्तकात दोन मापांचे कागद कसे?"

मी बघतच राहिलो. त्या ओळीकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा सगळ्यात आधी त्याच्या बोर्डावरचा एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो पेनड्राइव्हवर एका ठरावीक नावाची फाइल शोधतो, आणि ती सापडली तरच पुढचं काम तिच्याकडे सोपवतो. मशीन चौसष्टचं म्हणून मी चौसष्टची फाइल घातली होती. पण हा छोटा प्रोग्रॅम होता बत्तीसचा. तो बत्तीसच्या नावाची फाइल शोधत होता, आणि ती नाही म्हणून पेनड्राइव्ह रिकामाच समजत होता. बनवणाऱ्यांनी असं का केलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"मावशी," मी म्हटलं, "मी गाढव आहे."

"ते नंतर बघू. ती बत्तीसची फाइल मिळते का कुठं?"

मिळत होती. मी ती तिथंच बसून पेनड्राइव्हवर घातली. मशीन सुरू केलं. कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लिनक्सची यादी उमटली. मी टाळी वाजवली. मावशींनी वाजवली नाही. त्या म्हणाल्या, "पुढं?" मी पहिल्या नावावर बटण दाबलं. पडदा काळा झाला. आम्ही पाच मिनिटं थांबलो, दहा मिनिटं थांबलो. तो काळाच राहिला.

यानंतरचे दोन महिने त्या काळ्या पडद्यानं आम्हाला छळलं. माझी दुसरी कामं होती, मी आठवड्यातून एकदा जायचो. मावशी रोज सरस वाळेपर्यंत बसायच्या. इंटरनेटवर अशा मशिनांच्या मागे लागलेल्या लोकांच्या चर्चा असतात. मावशी त्या शब्दकोश घेऊन वाचायच्या आणि वहीत उतरवायच्या. आणि याच काळात त्यांच्या हातून ती चूक झाली.

मी बाहेरगावी होतो. मावशींना कुठल्यातरी साइटवर बोर्डावरच्या त्या छोट्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सापडली. ती 'जवळपास याच' मॉडेलची होती. असलं काही माझ्याशिवाय करू नका, असं मी बजावून गेलो होतो. पण मावशींचा स्वभाव एक घाव दोन तुकडे असा, आणि दोन महिन्यांत त्या कावल्या होत्या. त्यांनी ती आवृत्ती एका मशिनात घातली. मशीन बंद झालं ते पुन्हा सुरूच झालं नाही. दिवा नाही, पंखा नाही, काही नाही.

दुसरं कोणी असतं तर गप्प बसलं असतं. बाराही मशिनं भंगारातच जाणार होती, कोण मोजायला येणार होतं? मावशींनी ग्रंथपालबाईंना हातानं पत्र लिहिलं. 'माझ्या उतावीळपणामुळे वाचनालयाचे एक यंत्र निकामी झाले आहे.' खाली सही, तारीख. मग उरलेल्या अकरा मशिनांवर त्यांनी जुनं कापड टाकलं आणि त्यांच्याकडे पाठ करून पुस्तकं शिवायला लागल्या.

मी परत आलो तर त्या विषय काढू देईनात. तिसऱ्या आठवड्यात त्यांचे यजमान माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आले. ते ॲम्ब्युलन्स चालवतात. उंच, ढगळ शर्ट, बोलणं सावकाश.

"अरे, घरात सुतक असल्यासारखं झालंय," ते म्हणाले. "जेवताना भिंतीकडे बघते. मी म्हटलं, काय झालं, तर म्हणते, काही नाही. लेकीचा फोन आला तरी हो-नाही. तू काहीतरी बोल तिच्याशी."

"मी काय बोलू, काका?"

त्यांनी जरा विचार केला. "असं सांग, की माझ्या गाडीत घातलेले सगळेच पेशंट वाचत नाहीत. म्हणून मी गाडी गॅरेजला लावून बसत नाही. उरलेल्यांनी काय करायचं मग? पण हे मी बोललो तर माझ्यावरच डाफरेल. तू सांग, तुझं म्हणून सांग."

मी दुसऱ्या दिवशी गेलो. मावशी एका जाड कोशाला नवी पाठ चिकटवत होत्या. मी घसा खाकरून म्हटलं, "मावशी, ॲम्ब्युलन्समधले सगळेच पेशंट वाचत नाहीत. म्हणून कोणी गाडी..."

"हे वाक्य तुझं नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या. "हे आमच्या घरचं आहे."

त्यांनी पाठ नीट दाबली, कडेचा सरस बोटानं निपटला, आणि मग अनेक दिवसांनी पहिल्यांदा हसल्या. "तुझ्या दुकानापर्यंत आले होय ते? एवढ्या लांब?" सोमवारी कापड निघालं.

त्या आठवड्यात त्यांनी जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. पडदा काळा झाल्यावर मी दर वेळी मशीन बंद करायचो. मेलं म्हणायचो. मावशींनी बंद केलं नाही. त्यांनी की-बोर्डवरचं कॅप्स लॉकचं बटण दाबलं. त्याचा छोटा हिरवा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. त्यांनी मला फोन केला.

"ते मेलेलं नाही. बटणाला दाद देतंय. आत सगळं सुरू आहे, फक्त तोंड दाखवत नाही."

म्हणजे दोष सिस्टीमचा नव्हता, पडद्याचा होता. इतके दिवस आम्ही चुकीच्या दारावर धडका देत होतो. आता नेमकं काय शोधायचं ते कळलं, आणि दोनच दिवसांत चर्चेच्या जुन्या पानांत उत्तर सापडलं. सिस्टीम सुरू करण्याच्या ओळीच्या शेवटी एक शब्द लिहायचा. त्याचा अर्थ एवढाच, की पडद्याशी जास्त चलाखी करू नकोस, साधंच चित्र दाखव. मावशींनी तो एकेका अक्षराचं बटण शोधत टाइप केला. पडदा काळा झाला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग निळ्या पार्श्वभूमीवर खिडक्या, घड्याळ, बाण, सगळं उमटलं. वाचनालयाची पुस्तकयादी उघडली. मावशींनी पहिलं काय शोधलं असेल? यकृतावरची पुस्तकं. तीन निघाली. "बघा," त्या चिडून म्हणाल्या, "तीन आहेत आणि एकही माझ्याकडे पाठवलं नाही!"

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण तीन मशिनं वाचनकक्षात मांडली आणि आठवड्यात तक्रारी आल्या. मशीन मध्येच गोठतं. बाण हलत नाही, घड्याळ थांबतं, मुळापासून बंद करावं लागतं. कधी वीस मिनिटांत, कधी चार तासांत. माझा अंदाज होता की तापतात. मी पंखे साफ केले. फरक शून्य.

मावशींनी तिन्ही मशिनं मागे आणवली, रेघा मारलेली नवी वही काढली आणि नोंदी सुरू केल्या. सुरू केल्याची वेळ, गोठल्याची वेळ, आणि तेव्हा मशिनावर काय चाललं होतं. सतरा दिवस. मग ती वही त्यांनी माझ्यापुढे सरकवली.

"वाच. काही दिसतं का?"

मला आकडेच दिसले.

"काम करताना एकदाही गोठलेलं नाही," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. मी टाइप करत असले, काही उघडत असले, की ठणठणीत. मी पुस्तकाकडे वळले आणि ते रिकामं बसलं, की गेलं. तापून जात असतं तर कामात गेलं असतं ना?"

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. रिकामा बसलेला प्रोसेसर वीज वाचवायला झोपतो. थोडी झोप, गाढ झोप, असे टप्पे असतात. यांचे प्रोसेसर गाढ झोपेत गेले की उठतच नव्हते. ओळीच्या शेवटी आणखी एक शब्द लिहायचा होता: डुलकी घे, पण गाढ झोपू नकोस. आम्ही तो लिहिला. तिन्ही मशिनं नऊ दिवस अखंड चालू ठेवली. एकही गोठलं नाही. दहाव्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आता उरलेली आठ घे."

अकरा मशिनं वाचनकक्षात लागली. आवाज मात्र एकाचाही शेवटपर्यंत आला नाही. मी त्याच्याही मागे लागणार होतो, पण ग्रंथपालबाई म्हणाल्या, "वाचनालयात आवाज हवाय कोणाला?"

वर्षाच्या सभेत वाचनालयाच्या अध्यक्षांनी अहवाल वाचला. त्यात वाक्य होतं, 'आपल्या तंत्रज्ञांनी अकरा संगणक कार्यान्वित केले.' अध्यक्षांनी माझ्याकडे हात केला, टाळ्या वाजल्या. मावशी मागच्या रांगेत, भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी उभा राहिलो आणि जे झालं ते सांगितलं. बत्तीस आणि चौसष्ट, हिरवा दिवा, सतरा दिवसांची वही. माझ्या बोलण्यात सफाई नाही, पण माना मागे वळल्या. मावशींचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं, संकोचल्या.

"बारा होती," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "एक मी मारलं. तेही अहवालात लिहा."

लिहिलं गेलं. मी छापील अहवाल पाहिलाय. अकराव्या पानावर ती ओळ आहे.

त्यांच्या दोन्ही वह्यांवरून मी एक टिपण तयार केलं आणि त्या चर्चेच्या पानावर टाकलं. पाच-सहा महिन्यांनी वाचनालयात एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेलं एक मशीन, अगदी तेच मॉडेल. त्यांच्या शाळेला अशीच एकोणीस मशिनं मिळाली होती आणि तीही कोपऱ्यात पडून होती. टिपणावरून त्या लिनक्सच्या यादीपर्यंत पोचल्या होत्या, पुढं अडल्या होत्या. मी टिपणात एक शब्द चुकीचा टाइप केला होता. मावशींनी तो एका नजरेत पकडला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पानाचा कोपरा दुमडला होता.

"फोनवरून सांगून जमणार नाही," त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या. "मी शनिवारी येते."

त्या चार शनिवार गेल्या. यजमान आपल्या गाडीनं, म्हणजे स्वतःच्या, ॲम्ब्युलन्सनं नव्हे, त्यांना सोडायचे आणि शिक्षकांच्या खोलीत पेपर वाचत बसायचे. पहिल्या शनिवारी मावशींनी दोन मशिनं स्वतः केली. तिसऱ्या मशिनापासून हात मागे घेतले आणि शिक्षिकांना करायला लावली, एकेकीला, एकेका शब्दाचा अर्थ विचारत. उत्तर आलं नाही की पुढं जाऊ देत नव्हत्या. चौथ्या शनिवारी एकोणिसांपैकी सतरा मशिनं चालत होती. दोन मशिनांचे पडदेच फुटके होते, त्याला इलाज नव्हता.

निरोपाला मुख्याध्यापिकांनी सगळ्या वर्गांना पटांगणात बोलावलं होतं. मावशींनी चार शब्द बोलावेत असा आग्रह होता. मी त्या दिवशी नव्हतो. सोमवारी विचारलं, "काय बोललात?"

"काय बोलणार? हात धुऊन मशिनाला बसा म्हटलं," मावशी म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला खिडकीकडे वळल्या.